नाल्यात टाकलेले भारे

आम्ही कळमेश्वर रोडवरच्या लेआउटमध्ये राहायला आलो तेव्हा घरामागे नाला होता आणि कुंपण नव्हतं. बाबांनी बेशरमच्या झुडपाच्या ओल्या काड्या आणून रांगेने खोचल्या. बघता बघता हिरवी भिंत उभी राहिली, वर जांभळट फुलं. बकऱ्या त्याला तोंड लावत नाहीत. फुकटात झालेल्या गोष्टीचं बाबांना फार कौतुक. पाहुण्यांना चहाच्या आधी कुंपण दाखवायचे.

दर उन्हाळ्यात बाबा कुंपण छाटायचे आणि छाटलेले भारे नाल्यात टाकून येणं माझं काम असायचं. "जाते वाहून," म्हणायचे. कशाचं जातंय? चिखल लागला की बेशरमचा तुकडा तिथेच मूळ धरतो. हे आम्हाला कळलं तोवर नाल्यात पाणी कमी आणि झुडपं जास्त झाली होती. बाबांनी गुपचूप कुंपण उपटलं, विटांची भिंत बांधली. त्यावर घरात कधी बोलणं झालं नाही.

गेल्या पावसाळ्यात नाला तुंबला आणि शेजारच्या काकूंच्या घरात पाणी शिरलं. त्यांचं पोट जिच्यावर चालतं ती शिलाई मशीन, लोकांचे शिवायला आलेले कपडे, सगळं चिखलात गेलं. लेआउट चिडला. आमच्याकडे अशा वेळी काम न करणाऱ्या सरकारी साहेबाला बेशरमच्या फुलांचा गुच्छ देतात, चारचौघांत लाज वाटावी म्हणून. नालेसफाईचं काम बघणारा इंजिनियर पाहणीला आला त्या दिवशी गुच्छ तयार होता, आणि सगळ्यांत वयस्कर म्हणून तो बाबांच्या हाती दिला.

बाबा गुच्छ धरून नुसते उभे. द्या आणि मोकळे व्हा, मी मनात म्हणत होते.

"एकट्या साहेबाले काहून बोलून राहिले?" ते म्हणाले. "नाला साफ नाही केला, हे खरं. पण हे झाड इथं मीच आणलं. छाटून छाटून नाल्यात भी मीच टाकलं."

एकेक जण पांगला. मला बाबांचा भयंकर राग आला. या वयात काय गरज होती?

संध्याकाळी काकू फाटकाशी आल्या. त्या रागावलेल्या नव्हत्या, तेच जड गेलं.

"बाबा टाकत होते, ते तुले माहीत होतं का वं?"

बाबा मागे दारातच उभे होते.

"नाही काकू," मी म्हणाले.