मेणाची चांदमारी

माझे यजमान भवानीनगरच्या कारखान्यात पहारेकरी होते. पलटणीतून सुटून आलेले, म्हणून काठीवाल्यांत नाही तर बंदूकवाल्यांत त्यांची नेमणूक झाली होती. कारखाना नवा, आमचं लग्नही नवंच. पत्र्याच्या दोन खोल्यांत संसार थाटला होता.

एका हंगामात उसाच्या गाड्यांच्या रांगेतून फिरताना एक पान सपकन त्यांच्या उजव्या डोळ्यात गेलं. उसाच्या पानाला काय धार असते ते उसात राबलेल्यालाच माहीत. बारामतीच्या डॉक्टरांनी महिनाभर पट्टी ठेवली. पट्टी निघाली तेव्हा डोळा शाबूत होता, पण बुबुळावर पांढरा डाग राहिला.

"दिसतंय का?" मी विचारलं.

"धुक्यातनं बघितल्यावानी," ते म्हणाले आणि तोंड फिरवून बसले.

बंदूकवाल्यांची दर उन्हाळ्यात चांदमारी व्हायची. माळावर निशाण लावून साहेबांसमोर पाच गोळ्या मारायच्या. त्यातल्या तीन तरी गोलात लागल्या नाहीत तर बंदूक जमा. मग काठी घेऊन फाटकाशी गाड्या हाकायच्या. त्या कामात कमीपणा नव्हता, पण यांचं अन्नपाणी तुटलं. पलटणीत नेमबाजीचं पदक मिळवलेला माणूस तो.

पहाऱ्याचे प्रमुख एक म्हातारे सुभेदार होते. ते एका संध्याकाळी घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "उजवा अधू झाला तर डावा हाय की. डाव्या खांद्याला लावा बंदूक."

"सुभेदारसाहेब, सगळा हातच उलटा फिरवायचा. त्याला शे-दोनशे गोळ्या झाडाव्या लागतील. काडतुसं कोण देतंय?"

"काडतुसं न्हाईत मिळायची. पण पलटणीत आमचा गोरा साहेब मेणाच्या गोळ्या मारायचा, बराकीच्या व्हरांड्यात. रिकाम्या काडतुसाच्या बुडाला फकस्त ठिणगीची टोपी बसवायची. दारू अजिबात न्हाय. टोपीच्या जोरावर मेण धा-पंधरा पावलं जातंय. टोप्या मी मागवतो पुण्याहून. मेणाचं तुमी बघा."

मेणाचं यांनी बघितलं ते असं: वाण्याकडून मेणबत्त्या आणल्या, वितळवून बांबूच्या नळीत ओतल्या, आणि गार झाल्यावर एकेक गोळी चाकूनं तासत बसले. निम्म्या गोळ्यांत बुडबुडे. उरलेल्या बंदुकीच्या नळीतून बाहेर पडतानाच फुटायच्या, निशाणावर नुसता भुगा. दोन दिवसांनी यांनी सगळं सामान कोपऱ्यात सारलं.

तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "अवो, मी करून बघू का?"

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"गोळ्यांतलं न्हाय कळत. वड्यांतलं कळतंय."

माझं माहेर कोऱ्हाळ्याचं. वडिलांचा भाजीचा मळा कालव्याला लागून होता आणि बांधावरच्या चिंचेला दरसाल पोळं लागायचं. निरोप धाडून मी त्या पोळ्याचं पिवळं मेण मागवलं. ते चिवट असतं. मेणबत्तीचं मेण ठिसूळ. एकट्या चिवटानं बंदुकीची नळी चिकटायची, एकट्या ठिसुळानं भुगा व्हायचा. दोन्ही एकत्र करून, कमीजास्त करत चार-पाच घाणे वाया घालवल्यावर प्रमाण जमलं. मग मी ताटाला तेलाचा हात फिरवला, त्यात मेण बोटभर जाड ओतलं, आणि अर्धवट थिजल्यावर काडतुसाचं तोंडच त्यात दाबलं. वडी कापावी तशी गोळी आपोआप काडतुसात शिरून बसली. तासायला नको, मोजायला नको.

यांनी काडतूस हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलं. दुसऱ्या दिवशी ते पहाटेच अंघोळ उरकून तयार होते.

पहाऱ्याच्या खोलीमागं भिंत होती. तिथं जुनी घोंगडी टांगली, तिच्यावर वर्तमानपत्राच्या कागदावर कोळशानं काढलेला गोल चिकटवला. "मेणाची झाली तरी गोळी ती गोळी," सुभेदारांनी बजावलं, "म्होरं माणूस दिसला तर मी बंदूक काढून घेईन." टोपीचा 'फट्' असा आवाज व्हायचा, लग्नातल्या फटाक्याएवढासुद्धा नाही. गोळी घोंगडीवर आपटून खाली पडायची. मी ती गोळा करायची, पुन्हा वितळवायची. तेच मेण किती वेळा बंदुकीतून गेलं त्याला हिशेब नाही.

पहिले पंधरा दिवस कागद कोराच राहिला. बंदुकीचा काडतूस भरायचा खटका उजवीकडं, खांदा डावा. दर वेळी हात वरून वळवून घ्यावा लागायचा. बोटं सोलली. कधी चिडून म्हणायचे, "मेणच वाकडं जातंय तुझं." मी म्हणायची, "मेण सरळ हाय. मानूस वाकडा उभा हाय." सुभेदार मिशीत हसायचे.

चैत्र लागला तशी वेगळीच अडचण आली. पत्र्याखाली मेण मऊ पडायला लागलं. मग मी भरलेली काडतुसं ओल्या फडक्यात गुंडाळून, फडकं पितळी डब्यात आणि डबा पाण्याच्या डेऱ्यात तरंगत ठेवायला लागले. शेजारणी पाणी प्यायला आल्या की विचारायच्या, "ह्यात लोणी ठेवलंय व्हय?"

हळूहळू कागदावर मेणाचे ठिपके दिसायला लागले. आधी कडेला, मग गोलात. वैशाखात एका सकाळी दहापैकी आठ गोळ्या कोळशाच्या रेघेच्या आत होत्या. यांनी तो कागद घडी करून खिशात घातला.

चांदमारीच्या दिवशी पुण्याहून साहेब आले. आम्ही बायका लांब बांधावर उभ्या होतो. यांनी बंदूक डाव्या खांद्याला लावली तशी साहेबांनी भुवई उंचावली. पहिला बार माळावर घुमला. लाल बावटा हलला, म्हणजे चुकली. मेणाच्या गोळीला धक्का नसतो, खऱ्या गोळीला असतो, आणि इतक्या महिन्यांत ते तो विसरले होते. त्यांनी पाय जरा फाकवले, खांदा घट्ट केला. दुसरी, तिसरी, चौथी, पाचवी. चारही वेळा पांढरा बावटा वर गेला.

साहेबांनी डोळ्याची हकीकत सुभेदारांकडून ऐकली, उरलेली मेणाची काडतुसं हातात घेऊन पाहिली आणि यांना विचारलं, "कुठल्या दुकानातनं आणली? इतकी सफाईदार मी पाहिली नाहीत."

त्या काळी आमच्याकडं पुरुष बायकोबद्दल बोलायचे ते 'घरातनं' असं, तेही खाली मान घालून. हे ताठ उभे होते. सगळे पहारेकरी ऐकत होते.

"दुकानातली न्हाईत, साहेब. माझ्या बायकोनं केल्यात. ती बघा, तितं बांधावर उभी हाय."

सगळी डोकी एकदम माझ्याकडं वळली. मी पदर सावरला, पण मान खाली घातली नाही.

पुढच्या वर्षापासून सगळ्या बंदूकवाल्यांसाठी मेणाची काडतुसं मीच भरायला लागले. सुभेदार स्वतः डबा घेऊन दाराशी यायचे आणि "ताई, माल तयार हाय का?" असं विचारायचे. माझे वडील बारामतीच्या बाजारात वांगी विकता विकता गिऱ्हाइकांना सांगायचे, "आमची लेक गोळ्या करती." लोक म्हणायचे, "औषधाच्या का?" वडील पागोटं सारखं करायचे आणि म्हणायचे, "छट्! बंदुकीच्या."