पुणं हुकलंच नव्हतं

माझ्या नवऱ्याला हे ठाऊक नाही. आईला नाही, बहिणीला नाही. आणि आबांना, म्हणजे माझ्या वडलांना, तर नाहीच नाही. पुष्कळदा ओठांवर आलं आणि मी चहाच्या घोटाबरोबर गिळून टाकलं. आज तुमच्यापुढं बसलेय, तर सांगून टाकते.

पण आधी जरा मिरवू द्या. मिरवण्यासारखंच आहे हो! राहू गावच्या धनगराची पोर मी. आजोबा मेंढरांमागं फिरले, आबा उसात रमले, आणि मी – मी स्त्री-अभ्यासात एम.ए. करायला निघाले. दोन हजार सालानंतरची गोष्ट. गावात तोवर एसटीडी बूथ होता, मोबाईल फक्त सरपंचांच्या खिशात. असला विषय कुणी ऐकलाच नव्हता. पारावर चर्चा चालायची, "बाईचा आभ्यास? आन् मंग बाप्याचा कोन करनार?" एक चुलते म्हणाले, "दोन वर्सं कशाला घालवतीस? माझ्या घरी येऊन बस, तुझी चुलती दोन दिसांत शिकवंल." हसा, हसा. मीही हसायचे. मनात म्हणायचे, थांबा, दाखवतेच.

आणि दाखवलं! दोन ठिकाणी अर्ज केला होता, एक पुण्यात, एक मुंबईत. बी.ए. मी शिरूरला आत्याकडं राहून केलं. तिथल्या समाजशास्त्राच्या शिंदे मॅडमनी या विषयाचं वेड लावलं आणि अर्जही त्यांनीच समोर बसवून भरून घेतले. "दोन्हीकडं कर, मग निवड," म्हणाल्या. निवड! आमच्याकडं पोरीनं निवडायचं म्हणजे फार तर बांगड्यांचा रंग. दोन्हीकडच्या लेखी परीक्षा मी पास झाले. राहिल्या मुलाखती.

आता घरचं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्या घरी भाकरी आबा थापायचे. लहानपणी मेंढरांच्या वाड्यावर शिकलेले, हात असा बसलेला की भाकरी टम्म फुगायची. आई यवतच्या बाजारात भाजी विकायची. तिच्या आवाजाला व्यापारी टरकून असत, आणि घरचा सगळा व्यवहार तिच्या हातात. ती दमून आली की आबा ताट वाढून पुढं ठेवत. गावातले काही जण त्यांना तोंडावर बायल्या म्हणायचे. आबा हसायचे, म्हणायचे, "व्हय बाबा, ये जेवायला." दारूचा थेंब नाही, आईवर कधी हात नाही. आवाज चढायचा तो आईचा.

असे हे आबा पुण्याच्या मुलाखतीला माझ्याबरोबर आले. पहाटे उठून भाकरी केल्या, फडक्यात बांधल्या, धुवट धोतर नेसले, लाल पटका बांधला. वाटभर एसटीत शेजारच्याला सांगत होते, "पोरगी इंटरवूला चाललीय." त्याला इंटरव्ह्यू कशाचा ते कळलं नाही, आबांनाही धड सांगता आलं नाही, पण दोघंही खूश.

व्हरांड्यात बाकावर मुली बसल्या होत्या. शहरातल्या, नीटनेटक्या, फडाफडा बोलणाऱ्या. त्या एकमेकींना विचारत होत्या, तू काय सांगणार? एकीनं मला समजावलं, "अगं, इथं आपलं दुःख सांगावं लागतं. त्याशिवाय हा विषय का घेतला, असं विचारतात." मला दुःखच नव्हतं! तुम्हाला हसू येईल, पण खरं सांगते, त्या क्षणी मला माझ्या सुखाची लाज वाटली. बाईच्या विषयाला बसायचं आणि घरात साधा दारुडा बाप नाही? कसं व्हायचं माझं?

मग मी तो तयार केला.

हो. आत गेले, खुर्चीवर बसले, आणि समोरच्या मॅडमनी विचारलं, हाच विषय का? मी सांगितलं – वडील पितात, आईला मारतात. माझं शिक्षण थांबवून लग्न ठरवलं होतं, मी विरोध केला, चोरून अर्ज भरला. कसं सुचत गेलं देव जाणे. माझी आई, जिच्या एका हाकेला अख्खा बाजार वळून बघायचा, तिला मी कोपऱ्यात बसून रडणारी करून टाकली. आणि सगळ्यात वाईट काय, सांगू? त्यांना ते पटायला जराही वेळ लागला नाही. धनगर बाप म्हणजे असणारच असा, नाही का? मी ते त्यांच्या डोळ्यांत बघितलं, आणि चिडायच्या ऐवजी मला बरं वाटलं. चाललं म्हटलं, आपलं काम झालं!

एवढंच असतं तरी मी हे कधीतरी कुणाला हसत सांगितलं असतं. लबाडी म्हणून खपलं असतं. पण पुढं जे झालं ते खपण्यातलं नाही.

मुलाखत संपल्यावर एक मॅडम मायेनं खांद्यावर हात ठेवून मला दारापर्यंत सोडायला आल्या. म्हणाल्या, एकटीच आलीस का गं? समोर बाकावरून आबा उठत होते. हातात भाकरीचं फडकं, तोंडभर हसू, बोलायला तोंड उघडलेलं. मी म्हणाले, "हो मॅडम, एकटीच."

आणि त्यांच्या समोरून चालत गेले. ओळख न दाखवता. स्वतःच्या बापासमोरून.

ते मागून आले, पण बरंच अंतर ठेवून. फाटकाबाहेर, रस्त्याच्या पार पलीकडं गेल्यावर जवळ आले. "मला बघितलं न्हाईस व्हय गं?" मी म्हणाले, "आबा, इथं घरच्यांना आणलेलं चालत नाही. आत फार कडक असतं." आबांनी मान हलवली. "आगं मंग आधी सांगायचं, मी भाईर थांबलो आसतो," म्हणाले आणि फडकं सोडलं. ती भाकरी मी खाल्ली, चवीनं खाल्ली.

मुंबईला मग आबा आलेच नाहीत. आई आली. तिथं मी तीच गोष्ट घोकून गेले होते, पण त्या बाईंनी पहिलाच प्रश्न वेगळा टाकला. घरी स्वयंपाक कोण करतं? विचार करायच्या आत तोंडातून खरं निघालं, "आबा करतात." आणि त्या पुढं सरसावल्या! गाव काय म्हणतं त्यांना? आईला काय वाटतं? त्यांना चिडवलं तर तुला राग येतो का, आणि कुणाचा येतो? मी अशी सुटले म्हणता! आईचा बाजार, आबांचा तवा, बायल्या म्हणणारे गडी, सगळं ओतलं. त्या हसत होत्या, मी हसत होते. बाहेर आले तेव्हा पाय जमिनीवर नव्हते. आई शिपायाशी कोथिंबिरीच्या भावावरून वाद घालत बसली होती.

दोन्हीकडं निवड झाली. पुण्याची यादी मी स्वतः जाऊन फळ्यावर बघून आले, पहिलं नाव माझं. मुंबईचा निरोप एसटीडी बूथवर आला. काय तो आनंद! यवतच्या स्टँडवर मी एकटीच वेड्यासारखी हसत उभी होते.

आता निवडायचं. शहाण्या पोरीनं पुणंच घेतलं असतं. मराठीत पेपर लिहायची सोय, वसतिगृह स्वस्त, घर जवळ. आबांनी तर आधीच ठरवून टाकलं होतं, "पुन्यात आसलीस की दर शनवारी भाकरी घिऊन येतो." आणि नेमकं तेच मला नको होतं. ते येणार, पटका बांधून, हसत. त्या मॅडम बघणार. हाच का तो मारकुटा? मग मी काय सांगणार होते?

म्हणून मुंबई. भाषणांत मी काय सांगते माहितीय? "तिथल्या अभ्यासक्रमात प्रत्यक्ष फिरून काम होतं, म्हणून विचारपूर्वक निवडला." शिंदे मॅडमनाही हेच सांगितलं. पण आबांना कसलं पटायला? जवळचं सोडून लांब का, विचारलंच असतं. त्यांना सांगितलं, पुण्यात माझं नाव लागलं नाही.

ते शेळीची धार काढत होते. हात थांबला. म्हणाले, "माझ्यामुळंच गं. त्यांनी बघितलं आसंल मला. मी आपला आडानी, पटका बांधून बसलो तितं. माझ्यामुळंच हुकलं व्हय तुझं?"

नाही, एवढा एकच शब्द म्हणायचा होता. तेवढ्यानं सगळं मिटलं असतं. पण कारण आयतं मिळालं होतं ना मला! पुढं कुणी काही विचारणार नव्हतं.

मी म्हणाले, "असेल."

मुंबईत मी दोन वर्षं काढली, आणि काय काढली! इंग्रजीनं रडवलं, मग मी इंग्रजीला रडवलं. पहिल्या वर्गात आले. पुढं पीएच.डी. केली. विषय तोच, घरकाम करणारे पुरुष. आबांच्या तव्यावरच माझी डॉक्टरकी भाजली म्हणा ना! त्या सगळ्या काळात आबा मुंबईला आले, पण संस्थेच्या आत कधी नाही. रस्त्याच्या पलीकडं थांबायचे. "आत या," म्हटलं तर म्हणायचे, "नगं बाई, एकदा झालं तेवढं बास." मी एकदाही ओढून आत नेलं नाही.

एका परिसंवादात पुण्याच्या त्या मॅडम भेटल्या. त्यांनी मला लगेच ओळखलं. हात हातात घेऊन हळूच विचारलं, "आई आता सुरक्षित आहे ना गं?" मी म्हणाले, "हो मॅडम." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं.

डॉक्टरकी मिळाली तेव्हा राहूनं माझा सत्कार ठेवला. तुम्ही बघायला हवं होतं! हलगी वाजत होती, भंडाऱ्यानं रस्ता पिवळा झाला होता, पारावर हसणाऱ्या त्याच चुलत्यांनी मला स्वतःच्या हातानं फेटा बांधला. शिरूरहून आत्या आली. आई पुढच्या रांगेत, आणि आबा व्यासपीठावर माझ्या शेजारी. कुणीतरी त्यांना बोलायला उभं केलं. आबा आयुष्यात कधी माईकवर बोलले नव्हते. जरा अडखळले, मग आवाज लागला.

"पोरगी माझी लई हुशार. पुन्यातबी तिचं नाव लागलं आसतं, पर मी आडानी संगं गेलो, आन् माझ्या ह्या पटक्यानं घात केला. चूक माझी. पर तिनं मला कवा बोल लावला न्हाई. एका शब्दानं न्हाई. थेट मुंबई मारली माझ्या लेकीनं!"

अख्खं गाव उठून उभं राहिलं. हलगी परत सुरू झाली. आबा अभिमानानं फुलून माझ्याकडं बघत होते. माईक माझ्यापासून हातभर अंतरावर होता, आणि मी टाळ्या वाजवत होते.