ऑरेलीनच्या खिडकीतला शेवटचा चेक

ऑरेलीन मिशोला हसताना पाहिलेली माणसं आमच्या गावात फार थोडी. त्यात मलाही धरू नका, आणि मी तिच्या शेजारच्या काउंटरवर सव्वीस वर्षं हॅम कापत होते!

व्हाशोंच्या किराणा दुकानात चेक वटवायची खिडकी तिची. गावात बँक होती हो, पण ती तीनला बंद व्हायची आणि कागदगिरणीचा भोंगाही तीनलाच वाजायचा. मग दर गुरुवारी अख्खी गिरणी पगाराचा चेक घेऊन ऑरेलीनपुढे रांगेत. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या थंडीत बूट आपटत, निम्मं फ्रेंचमध्ये नि निम्मं इंग्रजीत कुरकुरत.

तिचे नियम पुठ्ठ्यावर लिहून लावले होते, पण ते वाचायची गरज कुणाला होती? ज्याचा चेक त्यानंच यायचं. सही माझ्यासमोर. नव्वद दिवस उलटलेला चेक म्हणजे रद्दी. बायको नवऱ्याचा घेऊन आली, तर नवरा निदान बाहेर गाडीत बसलेला दिसला पाहिजे. एकदा फादर कुणा आजाऱ्याचा चेक घेऊन आले. ही म्हणाली, "फादर, दुसऱ्याची पापं तुम्ही ऐका. चेक त्याचा त्यालाच आणू दे." फादर निमूट परत गेले.

आणि होता ओनेझिम डेगल. गिरणीत ओंडक्यांच्या साली काढायच्या कामावर. पन्नाशीचा, बिनलग्नाचा, कान लाल. हा बाबा दर गुरुवारी घरूनच सही करून यायचा.

"ओनेझिम, किती वर्षं सांगतेय? माझ्यासमोर!"

"विसरलो बघ."

मग पहिलीखाली दुसरी सही. तीही इतकी सावकाश, की मागून कुणीतरी ओरडायचं, "अरे, नाव लिहितोयस की मृत्युपत्र?"

इतका विसराळू माणूस जगात नसतो. मला पहिल्याच वर्षी कळलं होतं. ऑरेलीनला कळलं होतं का? विचारलं की म्हणायची, "तू हॅम काप."

मग एकोणनव्वद साली गिरणीनं पगार परस्पर बँकेत टाकायचं ठरवलं. शेवटचे कागदी चेक निघाले, त्या गुरुवारी रांग मिठाईच्या बरण्यांपर्यंत गेली होती. ओनेझिम सगळ्यात शेवटी आला. काडेपेटी घेतली, तिचे पैसे दिले. चेक खिशातच.

"वटवायचा नाही?" ऑरेलीननं विचारलं.

"घाई कुठेय? पुढच्या गुरुवारी."

पुढच्या गुरुवारीही तेच. त्याच्या पुढच्याही. इतक्या काड्या जाळायला त्याच्या घरात चुली होत्या तरी किती! म्हातारा व्हाशों म्हणाला, "ऑरेलीन, आता खिडकी बंद करू या. तिथे सिगारेटी ठेवता येतील."

"एक चेक यायचाय अजून," ती म्हणाली.

बाराव्या गुरुवारी सकाळी ती आली ती चेहरा पाडूनच. कोट न काढता कॅलेंडरपुढे उभी राहिली.

"आज चौऱ्याऐंशी दिवस झाले," मला म्हणाली. "पुढचा गुरुवार एक्क्याण्णवावा."

"मग?"

"मग तो मूर्ख तेरा गुरुवार म्हणजे नव्वद दिवस धरून बसलाय. पुढच्या आठवड्यात आणेल, आणि मला परत करावा लागेल."

"मग आजच सांग की!"

तिनं कोट काढून खुंटीला अडकवला. सांगितलं, तर तो आज वटवणार, आणि वटला की त्याला इकडे फिरकायला कारण नाही. नाही सांगितलं, तर अजून एक गुरुवार पदरात पडेल, पण बिचाऱ्याचे चारशे बारा डॉलर पाण्यात. मी आपली हॅम कापायला लागले.

तीन वाजून दहा मिनिटांनी ओनेझिम आला. काडेपेटी मागितली.

"चेक काढ," ऑरेलीन म्हणाली.

"पुढच्या गुरु..."

"पुढच्या गुरुवारी तो मेलेला असेल. मोज."

त्यानं कॅलेंडरवर बोट ठेवून मोजलं. दोनदा मोजलं. कानाचा लाल रंग उतरला. "म्हणजे आजच?"

"आजच."

त्यानं चेक काढला. घड्या पडून पडून मऊ झाला होता. मागे सही नव्हती, या खेपेला बाबा विसरला नव्हता. पेन धरून तो इतका वेळ उभा राहिला, की माझं हॅम कापायचं मशीनच थांबलं. सही झाली. तिनं नोटा मोजल्या, पुढे सरकवल्या. त्यानं त्या खिशात घातल्या, टोपी चढवली आणि दाराकडे निघाला.

"ओनेझिम."

"काय?"

"शनिवारी मी बीन्स शिजायला लावते. आईचं मडकं आहे, मोठं. एकटीला संपत नाही."

तो दार अर्धवट उघडं धरून उभा. सगळी थंडी आत.

"मेपलचा पाक घालतेस की काकवी?"

"काकवी."

"मग येतो."

गिऱ्हाइकानं पाव किलो हॅम मागितलं होतं. मी किती कापलं ते विचारू नका.

त्या शनिवारी तो गेला, आणि पुढे अठरा वर्षं दर शनिवारी जात राहिला. लग्न का नाही केलं? विचारून विचारून मी दमले. आता दोघंही नाहीत. व्हाशोंचं दुकान पाडलं, गिरणीचं धुराडंही उतरवलं. पण शनिवारी चर्चमागच्या रस्त्यानं, तिच्या घरावरून जाताना अजून वाटतं, आत्ता काकवीचा वास येईल. तिथे मी जरा हळूच चालते.