माहीत आहे, पण सांगणार नाही

माझी भावजय ट्वायला हिच्या मनगटावर मी कधी घड्याळ पाहिलं नाही. लग्नात माझ्या आईने तिला एक चांगलं घड्याळ दिलं होतं. ते खणात पडून आहे. आई जिवंत होती तोवर त्यावरून टोमणे मारायची, पण त्यात ट्वायलाचा काही दोष नव्हता. तिच्या कामात घड्याळ चालतच नाही.

आमच्या गावाच्या पश्चिमेला जो उजाड मुलूख पसरलाय, लाल खडक, सेजब्रशची झुडपं आणि ज्युनिपरची वेडीवाकडी झाडं, तिथे मोठ्या शहरांतले आईबाप आपली हाताबाहेर गेलेली मुलं आणून सोडतात. 'हाताबाहेर गेलेली' हा त्यांचा शब्द, माझा नाही. कुणी शाळा सोडलेली, कुणी नशेच्या गोळ्या खाणारी, कुणी स्वतःच्या दंडावर ब्लेड ओढणारी. इथे फोन नाही, आरसा नाही. पाठीवर बोचकं घेऊन दिवसभर चालायचं, ताडपत्रीखाली झोपायचं आणि डोकं ठिकाणावर आलं असं मोठ्या माणसांना वाटेपर्यंत इथेच राहायचं. ट्वायला यातल्या मुलींबरोबर चालते. आठवडाभर तिकडे, आठवडाभर घरी. हे सगळं चालवणाऱ्या कंपनीचा ट्रक मी चालवते आणि दर बुधवारी त्यांना शिधा पोचवते: तांदूळ, मसूर, ओट्स, चीज, शेंगदाण्याचं लोणी.

माझा भाऊ ऑरिन तिला चिडवतो, "जगाच्या पोरींना काठ्या घासून विस्तव काढायला शिकवतेस, आणि घरी आलीस की मायक्रोवेव्ह!"

"तो पण घासून पेटवू का?" ट्वायला म्हणते, आणि त्याच्या पुढ्यात ताट आदळते. दोघांचं बरं चाललंय.

तर घड्याळ. तिकडचा पहिला नियम असा की मुलांना पुढचं काही सांगायचं नाही. किती वाजले, उद्या कुठे जायचं, अजून किती चालायचं, घरी कधी सोडणार, काही म्हणजे काही नाही. आजचं आज बघायला शिकावं म्हणून म्हणे. नियम करणारे शिकले-सवरलेले आहेत, त्यांना ठाऊक. माझ्या मते, ज्याला उद्या कुठे असणार हे माहीत नाही त्याला आज तरी काय कपाळ सुचणार? पण मला विचारतो कोण, मी ट्रकवाली.

दुसरा नियम नावाचा. एखादी मुलगी झुडपाआड गेली की तिने सारखं स्वतःचं नाव ओरडत राहायचं. ट्वायला पाठ फिरवून उभी राहते आणि ऐकते. आवाज येतोय तोवर पोरगी जागेवर आहे. आवाज थांबला की धावायचं. हे ट्वायलाच्या अंगात इतकं भिनलंय, की घरी ऑरिन न्हाणीघरात शीळ घालता घालता थांबला तरी ही हातातलं काम टाकून उठते आणि मग स्वतःच हसते.

गेल्या शरदात डेलेनी आली. ओहायोची, पंधरा वर्षांची, काडीसारखी. तिला घरातून उचलून आणलं होतं. दोन धिप्पाड माणसं तिच्या खोलीत शिरली आणि आईबाप दारात उभे राहून बघत राहिले. ही पद्धतच आहे, त्याला पैसे पडतात. झुडपाआड गेल्यावर ती नाव न ओरडता "कैदी! कैदी! कैदी!" असं ओरडायची. बाकीच्या मुली खिदळायच्या. ट्वायला पाठ फिरवून उभी.

"नाव घे तुझं," ट्वायला म्हणाली.

"हेच माझं नाव. तुम्हीच ठेवलंत."

"बरं. मग जरा मोठ्याने, कैदी. वारा आहे."

तिथून दोघींचं जमलं. डेलेनी सगळ्यांना एकच प्रश्न विचारायची: मी घरी जाणार का? घरी टोबी होता, तिचा सहा वर्षांचा भाऊ. तिला नेलं तेव्हा तो झोपला होता, आणि सकाळी उठल्यावर त्याला काय सांगितलं असेल या विचाराने ही पोर झुरत होती. बाकीचे सगळे ठरलेलं उत्तर द्यायचे, "माहीत नाही." ट्वायलाला ते जमत नाही. ती म्हणते, "माहीत आहे, पण सांगणार नाही." आणि खरंच माहीत नसेल तरच "माहीत नाही" म्हणते. इतकी वर्षं तिने हे पाळलंय. मुलींना ते चटकन कळतं. एकदा मी गोण्या उतरवत असताना डेलेनी मला म्हणाली, "लोरीन, इथे एकटी तुझी भावजय खोटं बोलत नाही. आमच्या घरात पण असं कुणी नाही."

ट्वायलाने ऐकलं आणि मान खाली घातली. पण कानापर्यंत लाल झाली होती, मी पाहिलं ना.

ऑक्टोबर संपता संपता, एका बुधवारी, मी शिधा घेऊन गेले तर तिथे ग्रँटची पांढरी गाडी उभी. ग्रँट म्हणजे मुलींशी आठवड्यातून एकदा बोलायला येणारा थेरपिस्ट. तरुण आहे, वाईट नाही, पण प्रत्येक वाक्याआधी खोल श्वास घेतो. त्याने ट्वायलाला माझ्या ट्रकमागे बोलावलं. मी ट्रकमध्येच होते, पण मला कोण मोजतं.

"डेलेनी घरी जात नाहीये," तो म्हणाला. "मोंटानात एक निवासी शाळा आहे. वर्षभर तरी. कदाचित जास्त."

"तिला वाटतंय ती घरी जाणार," ट्वायला म्हणाली. "भावासाठी चमचा कोरतेय."

"मला माहीत आहे. शनिवारी आईवडील येतायत, ते सांगतील. इथूनच शाळेची गाडी तिला नेईल. तोवर एक शब्दही नको."

"तीन दिवस मी तिच्याकडे बघू कशी, ग्रँट?"

"गेल्या हिवाळ्यात त्या मुलाला असंच आधी कळलं होतं. तो पळाला. आठवतंय ना? शोधायला तूच गेली होतीस."

आठवत कसं नसणार! अनवाणी सापडला होता तो पोरगा, ओढ्याच्या काठाला, पायाची बोटं काळीनिळी पडलेली. जगला, पण दोन बोटं गेली. ट्वायलाने त्याचे पाय स्वतःच्या पोटाशी धरून आणले होते. ग्रँट खोल श्वास घेऊन निघून गेला.

तेवढ्यात डेलेनी आली. तिने गाडी पाहिली होती. हातात तो अर्धवट चमचा.

"ग्रँट माझ्याबद्दल बोलला ना? ट्वायला, मी घरी जाणार का?"

मी ओट्सची गोणी उचलली होती, ती तशीच धरून उभी राहिले. आता ही नेहमीचं म्हणेल, माहीत आहे पण सांगणार नाही. पण ते म्हणायचं कसं? गोड बातमी असती तर ट्वायलाच्या चेहऱ्यावर ती लपली नसती, आणि कडू तर त्याहून नाही. तिचा चेहरा म्हणजे उघडी खिडकी. ती वाकून बुटाची नाडी बांधायला लागली, बांधलेलीच.

"माहीत नाही," ती म्हणाली.

आणि काय सांगू, पोरीचं तोंड उजळलं.

"खरंच? तुला माहीत नाही? म्हणजे अजून ठरलंच नाही!"

ती उड्या मारत मुलींकडे पळाली. "अगं, ठरलं नाहीये अजून! ट्वायलाला पण माहीत नाही!"

मी गोणी खाली टाकली. "हे काय करून बसलीस?"

"मग काय करू, लोरीन?"

"सांगून टाक. आत्ताच्या आत्ता. नियम गेले खड्ड्यात."

"आणि ती पळाली तर? रात्री पाणी गोठतंय इथे. मी तिचे बूट उशाशी घेऊन झोपते म्हणून काय ती थांबणार आहे?" तिने तोंडावरून हात फिरवला. "आणि पळाली नाही तरी काय? मोंटाना तर टळत नाही. मी सांगून काय बदलणार?"

मी ट्रक चालू केला आणि परत आले. रस्ताभर स्वतःवर, ग्रँटवर, ओहायोवर चरफडत होते.

पुढचं ट्वायलाने मला नंतर सांगितलं. डेलेनीला तोवर विस्तव काढता आलेला नव्हता. धनुकलीने काठी फिरवायची, फळीच्या खाचेत काळा भुसा साठतो, त्यात निखारा धरतो, तो ज्युनिपरच्या सालीच्या घरट्यात ठेवून फुंकायचा. दिसायला सोपं, पण तळहात सोलून निघतात. मुलींमध्ये एक समजूत आहे, कुणी सुरू केली देव जाणे, की आईबापांसमोर जी विस्तव काढते ती घरी जाते. जिला येत नाही तिला पुढे कुठे तरी पाठवतात. आता 'ठरलेलं नाही' म्हटल्यावर डेलेनी हात धुऊन मागे लागली. सकाळ-संध्याकाळ घासतेय. हाताला फोड आले, फुटले, तिने मोज्याच्या पट्ट्या गुंडाळल्या आणि पुन्हा बसली. कुणावर चिडली नाही, कुणाला लागेल असं बोलली नाही. झुडपाआडून 'कैदी' ऐवजी चक्क स्वतःचं नाव ओरडायला लागली, गाण्याच्या चालीवर.

"ते ऐकवत नव्हतं मला," ट्वायला म्हणाली. "रोज वाटायचं, निघू नये तिचा विस्तव. निदान तिला वाटेल की त्यामुळे घरी जायचं राहिलं. आणि शुक्रवारी निघाला, तर पहिली आरोळी मीच ठोकली. मला इतका आनंद झाला, लोरीन. इतकी लाज वाटली."

शनिवारी आईबापांना मीच ट्रकमधून वर नेलं. त्यांची भाड्याची गाडी वाळूत चालली नसती. मला त्यांचा राग राग करायचा होता. पण बाई वाटभर हातातला रुमाल पिळत होती. "मला बघून ती पळून जाईल का हो?" असं तिने मला विचारलं. बाप खिडकीबाहेर बघत म्हणाला, "गेल्या वर्षी दोनदा तिला बेशुद्ध उचललं मी. तिसऱ्यांदा उशीर झाला असता तर?" राग करायलाही माणूस सरळ वाईट असावा लागतो.

डेलेनी वाट बघत उभी होती. वेणी घातलेली, तोंड धुतलेलं. आईच्या गळ्यात पडली, बापाच्या पडली आणि लगेच म्हणाली, "थांबा, बोलू नका, आधी बघा." गुडघा टेकून बसली. काठी कुरकुरली, धूर आला, निखारा घरट्यात गेला, तिने डोळे मिटून फुंकलं आणि भडका उडाला. बाप ढसाढसा रडला. तिने त्याच विस्तवावर पाणी तापवून दोघांना चहा दिला. मग चमचा काढून आईला दाखवला. गुळगुळीत घासलेला, दांड्यावर एक छोटं कासव कोरलेलं.

"टोबीसाठी. पण तुम्ही नका देऊ हां. घरी गेल्यावर मीच देणार."

आईने बापाकडे पाहिलं. बापाने कप खाली ठेवला आणि सांगितलं.

मला वाटलं आता ही किंचाळेल, पळेल, काही तरी करेल. ट्वायला तर पवित्र्यातच उभी होती, एक पाय पुढे. पण डेलेनी हलली नाही. विस्तवाकडे बघत राहिली, मग ट्वायलाकडे.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"बुधवारी विचारलं तेव्हा पण?"

"हो, बाळा."

डेलेनीने मान हलवली. हिशोब चुकला होता तो कुठे चुकला हे कळल्यासारखी. चमचा आईच्या हातात ठेवून म्हणाली, "मग तूच दे."

शाळेची गाडी खाली पक्क्या वाटेवर उभी होती. एक बाई आणि एक माणूस, दोघं हसतमुख, हातात नवंकोरं जॅकेट. डेलेनी निमूट चढली. ट्वायला जरा पुढे गेली आणि मग थांबली. जवळ जायचा हक्क आपण गमावला असं तिला वाटलं असणार. गाडी सुरू झाली.

आणि खिडकीची काच खाली आली.

"डेलेनी!" आतून आवाज आला. "डेलेनी! डेलेनी! डेलेनी!"

रागाने की आणखी कशाने, ते मला आजतागायत सांगता येणार नाही. गाडी ओढ्यात उतरली, दिसेनाशी झाली, आवाज येतच होता. आईने कान झाकून घेतले. ट्वायला सवयीने पाठ फिरवून उभी राहिली होती, मान किंचित कलती करून, श्वास धरून ऐकत होती. डेलेनी. डेलेनी. मग नुसता वाऱ्यावर तुटक, अर्धा आवाज. मग थांबला.

ट्वायला गर्रकन वळली आणि धावत सुटली. ओढ्याच्या दिशेने, सेजब्रशमधून. मी ओरडले, "ट्वायला, अगं, गाडी आहे ती!" पण ती धावतच होती.