फळा पुसायची चिंधी

“उचल. तोंडात घाल.”

फळा पुसायची चिंधी माझ्या पायाशी पडली होती. गुरुजींनी ती लांबूनच फेकली. हातात दिली असती तर विटाळ झाला असता. मी उचलली. तोंडात घातली. माझ्याच हाताने.

खडूची भुकटी टाळूला चिकटली. चिंधीला आंबूस वास होता. ओकारी आली, ती गिळली. पुढच्या रांगेतली एक पोर म्हणाली, “पाह्य वं, बकरी चारा खाऊन राहिली!” सगळ्या हसल्या. गुरुजीही.

गुन्हा एवढाच, की कोरसात मी सा लावला होता.

नागपुरातली मुलींची शाळा. एका मालगुजाराची, म्हणजे चार गावच्या जमिनीच्या धन्याची. इंग्रजाचा अंमल. तपासणीला साहेब यायचा होता. सगळ्या जातींच्या पोरी एकत्र गातात, असं त्याला दाखवलं की सरकारी मदत सुरू राहायची. म्हणून आम्हा महारांच्या दोघी-तिघींना मागच्या रांगेत उभं केलं. तोंड हलवायचं, आवाज काढायचा नाही. गाणं देवाचं. आमच्या गळ्यातून बाटलं असतं.

पण साहेब प्रश्न विचारील, म्हणून शब्द मात्र आमच्याकडूनही घोकून घेतले. आरोह म्हणजे सूर चढत जाणं. अवरोह म्हणजे उतरणं. तालाची पहिली मात्रा ती सम. समूहगान म्हणजे सगळ्यांचा मिळून एक आवाज. ‘सा’ची व्याख्या माझ्या तोंडून चालायची. सा चालत नव्हता. गुरुजींना यात काही वावगं दिसलं नाही. शिकलेला माणूस होता.

मग रोज तालमीला चिंधी. फळ्यावरचे मंद्र, मध्य, तार, म्हणजे खालचे, मधले, वरचे सूर, पुसले की त्याच चिंधीत यायचे. मी ते चघळत उभी राहायचे.

आई कापसाच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला होती. तिनं विचारलं, “तोंड पांढरं काहून वं? खडू खाल्ला काय?” मी सांगितलं. तिनं पदरानं माझं तोंड पुसलं. मग म्हणाली, “दम धर माय. चौथी होऊ दे. नाव कटलं तं जिनात यावं लागन तुले.”

दम धरला. शेवटच्या तालमीपर्यंत.

त्या दिवशी मालगुजार स्वतः आला. खुर्चीत बसला, पान चघळत. माझ्याकडे बोट केलं. “हे पोरगी सांगन काय, सप्तकं किती?”

मी चिंधी काढून मुठीत धरली. “तीन. मंद्र, मध्य, तार.”

तो खदखदून हसला. “पोपट बरा पढवला जी, गुरुजी!” लाल थुंकी त्याच्याच सदऱ्यावर उडाली.

गुरुजी लाजल्यासारखे हसले. पेटीवरून मानही न वळवता मला म्हणाले, “झालं. घाल परत.”

मुठीतली चिंधी ओली, कोमट. किळस आली. चिंधीची नाही. त्या दोघांच्या हसण्याची.

मी रांग सोडली. चालत पुढे गेले. चिंधी पेटीच्या पट्ट्यांवर ठेवली, गुरुजींच्या बोटांवरच.

“आता तुम्ही घाला.”

गुरुजी ओरडत उठले, धोतर सावरत विहिरीकडे पळाले. पोरी भिंतीला चिकटल्या. मग मला छडीने मारलं, तेही लांबून. नाव त्याच दिवशी कटलं. पेटी गोमूत्राने धुतली. लाकूड फुगलं, पट्ट्या रुतून बसल्या. साहेबापुढे कोरस पेटीशिवाय झाला म्हणे. कसा झाला, मी विचारलं नाही.

मी जिनात गेले. कापूस, धूळ, खोकला. पहिल्या दिवशी आई रडली. मी नाही.

एक मोठी गायिका हरवली, असं कुणी म्हणू नये. माझा गळा साधा होता. मला गाणारी व्हायचं नव्हतं. रांगेत उभं केलं आहे तर तोंड उघडायचं होतं, बस.

त्यानंतर कुणी फेकलेलं मी उचललं नाही. भाकर नाही, लुगडं नाही, शाबासकीही नाही. पोरींना, नातींना तेच शिकवलं. गप राह्य म्हणणाऱ्यापुढे मोठ्यानं बोलायचं, आणि त्याची किंमत आपणच भरायची. हे ज्यांना कडू लागतं, त्यांनी एकदा खडू खाऊन पाहावा.

हे ऐकीव नाही. ते तोंड माझं होतं.