कॉम्प्युटरातला रिकामा पॅसेज

जळगावजवळच्या आमच्या रुग्णालयात नवा प्रसूती विभाग बांधायचं ठरलं, तेव्हा मी तिथली इन्चार्ज सिस्टर होते. एक वीट रचायच्या आधी अख्खा विभाग कॉम्प्युटरात चालवून बघायचा, म्हणून रुग्णालयाच्या मोठ्या साहेबांनी आम्हां सगळ्यांना बोलावलं. धुळ्याहून आलेल्या इंजिनिअर मुलीने पडद्यावर नकाशा उघडला. ठिपक्यांएवढ्या नर्सेस, ठिपक्यांएवढे पेशंट चालू लागले. लेबर रूममधून निघालेलं स्ट्रेचर सरळ ऑपरेशन थिएटरात पोचलं. साहेब असे खूश, जणू पेढे त्यांनाच वाटायचेत.

शेजारी बसलेल्या आमच्या आयाबाईंनी मात्र पडद्यावरच्या स्ट्रेचरकडे बोट दाखवलं. "ताई, हिना बठ्ठा मानसे कोठे गयात?"

खरंच की, त्या बाईची बाकी सगळी माणसं कुठे गेली? पहिलं बाळंतपण म्हणजे आई, मावशी, आत्या येणारच. कळा सुरू झाल्याचा फोन गेला की सासरचेही निघतात. नशिराबाद असो की मुक्ताईनगर, गाडी भरून माणसं उतरतात आणि पॅसेजमध्ये सतरंजी टाकतात. इथे पडद्यावर एका बाईमागे एकच माणूस.

"हा आकडा कुठून घेतला?" मी जरा चढ्या आवाजातच विचारलं.

"तुमच्याच रजिस्टरातून," मुलगी म्हणाली.

नियम एका नातेवाइकाचा, म्हणून वर्षानुवर्षं मी त्या रकान्यात एकच नाव लिहीत आले होते. जुन्या पॅसेजमध्ये एकदा सतरंज्या बाजूला सारता सारता आमचं स्ट्रेचर अडलं होतं आणि बाळ हाती लागलं नव्हतं. त्याची लाज मला आजही वाटते.

"एकेकीमागे सहा माणसं घाला," मी म्हटलं.

तिने घातली. स्ट्रेचर अर्ध्या वाटेतच थांबलं.

"दारावर गार्ड ठेवू," साहेब म्हणाले.

"लेक आत ओरडत असताना आई गार्डचं ऐकते होय? लेबर रूमला लागून नातेवाइकांना खोली द्या. नाहीतर या नकाशावर माझी सही मिळणार नाही."

"जागा कुठंय, सिस्टर?"

मी उठून पडद्यापाशी गेले आणि लेबर रूमशेजारच्या चौकोनावर बोट ठेवलं. त्यावर 'इन्चार्ज सिस्टर' असं लिहिलं होतं.

"ही खोली पुसा."

"मग तुम्ही बसणार कुठे?"

"ते माझं मी बघेन. तुम्ही स्ट्रेचर सोडा."

मुलीने साहेबांकडे पाहिलंसुद्धा नाही. माझी खोली पुसली, माणसं तिथे बसवली आणि स्ट्रेचर सोडलं. या वेळी ते कुठेच अडलं नाही.