आनेलीची हाक

आनेली थूरेसॉनचा आवाज नोव्हेंबरात गेला. गळ्यातली गाठ काढताना जवळच्या नसेवर ताण आला, असं डॉक्टर म्हणाले. गाठ साधी निघाली, जीव वाचला. पण शुद्धीवर आल्यावर तिने नर्सकडे पाणी मागितलं, तेव्हा तोंडातून नुसती हवा बाहेर पडली. आवाज परत येईल, असं डॉक्टरांनी सांगितलं. किती येईल, ते मात्र सांगितलं नाही.

दुसऱ्या कुणाचं एक वेळ निभावलं असतं. आनेली आवाजावरच जगत होती. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या कालव्यांतून पर्यटकांना फिरवणाऱ्या उघड्या, चपट्या नावांवर ती गाईड होती. तिचे वडील गोदीत क्रेन चालवायचे. घरात माणसं भरपूर आणि खोल्या दोनच. आपलं म्हणणं ऐकवायचं तर ओरडायला हवं, हे ती लहानपणीच शिकली. शाळा संपल्यावर ती धक्क्यावर तिकिटं विकायला लागली. एकदा गाईड आजारी पडला म्हणून तिला नावेत चढवलं, ती पुन्हा उतरलीच नाही. मधे लग्न झालं आणि मोडलं. ‘तू मला घरातसुद्धा शहरच दाखवत असतेस,’ असं म्हणून नवरा गेला. हा किस्सा ती स्वतःच हसत हसत सांगायची.

गाईडच्या कामात हसू आणण्यापेक्षा मोठी जबाबदारी एकच होती. वाटेत एक पूल आहे, इतका बुटका की त्याखालून जाताना प्रवाशांना बाक सोडून नावेच्या तळाशी बसावं लागतं. गावात त्याला सगळे ‘चीजची सुरी’ म्हणतात. ज्याचं डोकं वर राहील, त्याचा वरचा काप निघेल. मायक्रोफोन कितीही चांगला असला तरी इथली सूचना गळ्यातूनच द्यायची, असा त्यांच्याकडे नियम होता. यंत्र ऐन वेळी दगा देतं, आणि माणसं यंत्राच्या आवाजाकडे लक्षही देत नाहीत. आनेलीच्या ‘खाली!’ या हाकेने मात्र काठावरची बदकंसुद्धा उडायची.

तो सगळा हिवाळा ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून एक काचेची नळी पाण्याच्या बाटलीत बुडवून तिच्यातून गुणगुणत होती. गेलेला आवाज परत आणायला शिकवणाऱ्या दवाखान्यातल्या बाईंनी दिलेला व्यायाम होता तो. पाण्यात बुडबुडे यायचे, गळ्यात काहीतरी थरथरायचं, इतकंच. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याने एकदा दार वाजवून विचारलं, “तुमचा नळ तुंबलाय का?”

सगळ्यांत वाईट होता तो रविवारचा फोन. तिची आई जवळच्या कुंगेल्व गावातल्या वृद्धाश्रमात होती, कानांनी अधू. आनेली घोगऱ्या कुजबुजीत “आई, मी आहे” म्हणायची. पलीकडून आई “हॅलो? हॅलो?” करायची आणि मग शेजारणीला सांगायची, “कुणीच बोलत नाही गं. पोरं चेष्टा करतात.” खट्कन फोन बंद. मग आनेली त्याच दिवशी बसने जाऊन तिला भेटून यायची, तरी तो खट् आवाज तिच्या मनातून जात नसे.

मार्चअखेर बोलण्यापुरता आवाज आला, चिरका आणि लवकर दमणारा. एप्रिलमध्ये नावा पाण्यात उतरल्या, तेव्हा धक्क्याची व्यवस्था पाहणाऱ्या शेश्तीनने तिला बोलावलं.

“हे बघ आनेली, मला गोड बोलता येत नाही,” ती म्हणाली. “उद्या एक फेरी कर. मी चीजच्या सुरीवर उभी राहीन. तुझी हाक मला वर ऐकू आली, तर हंगाम तुझा. नाही आली, तर तिकिटाची खिडकी. तिथे हीटर आहे.”

“हीटर तुझ्याकडेच ठेव,” आनेली म्हणाली. पण म्हणतानाच आवाज फाटला, आणि दोघींनीही तो ऐकला.

दुसऱ्या दिवशी समुद्रावरून बोचरा वारा सुटला होता. सुकाणूवर टोर्केल होता. गेली कित्येक वर्षं दोघं एकाच नावेवर होती.

“घाबरलीस?” त्याने विचारलं.

“तू दाढी केलीस, म्हणजे तूच घाबरलायस.”

“हाक निघाली नाही तर मी नाव मागे घेईन. तू फक्त माझ्याकडे बघ. आणि बाकीची बडबड कमी कर. तीस वर्षांनी का होईना, मला जरा शांतता मिळू दे.”

आनेलीने तसंच ठरवलं होतं. आवाज जपून, पैन् पै मोजल्यासारखा वापरायचा. तिने निम्म्या गोष्टी गाळल्या. पण दुसऱ्या बाकावर मायोर्ना भागातली एक आजी होती, रूट नावाची. नॉर्वेहून आलेल्या विहिणीला शहर दाखवायला तिने आणलं होतं, आणि लहानपणापासून या फेऱ्या ऐकून ऐकून तिला सगळं पाठ होतं.

“अगं पोरी, मासळी चर्चचं राहिलं की सांगायचं!” ती मोठ्याने म्हणाली. “पैसे पूर्ण घेता आणि विनोद अर्धे?”

आनेलीने गळ्यावरच्या रुमालाकडे बोट दाखवलं आणि मग हाताने खूण केली, तुम्हीच सांगा. आजीला एवढंच हवं होतं. ती उभीच राहिली. “तर मंडळी, ते दिसतंय ना चर्च, तिथे देव नाही. तिथे मासळी मिळते. माझ्या यजमानांना रविवारी प्रार्थनेला पाठवलं की ते इथे यायचे आणि कोळंबी घेऊन परतायचे!” विहीण हसली, मागचे जर्मनही हसले. नंतरचं अर्धं शहर आजीनेच दाखवलं. काही माहिती चुकीची होती. आनेलीने ती चुकीचीच राहू दिली.

मग वळण आलं, आणि त्यापलीकडे तो पूल. कठड्याशी शेश्तीनचा लाल कोट दिसला. वाऱ्याने आनेलीचा घसा कोरडा पडला होता. तिने मायक्रोफोन ठेवून दिला आणि मागे पाहिलं. सगळे बसलेले होते. शेवटच्या बाकावरचा एक उंच माणूस मात्र पुलाकडे पाठ करून उभा होता आणि बायकोचे फोटो काढत होता.

तिने तोंड उघडलं. पहिल्यांदा फक्त हवा आली. नोव्हेंबरातलीच ती हवा. टोर्केलचा हात इंजिनाच्या दांड्यावर गेला. आनेलीने त्याच्याकडे बघितलं नाही. तिने स्वयंपाकघरातल्या त्या बुडबुड्यांसारखा श्वास पोटातून वर आणला आणि पुन्हा तोंड उघडलं.

“खाली! सगळे खाली!”

हाक निघाली. पण तिची जुनी, घंटेसारखी हाक नव्हती ती. जाड, खरखरीत, वडील क्रेनवरून खालच्या माणसांना द्यायचे तशी. उंच माणूस कॅमेऱ्यासकट कोसळल्यासारखा खाली बसला. आजी विहिणीला घेऊन तळाशी गेली. काठावरची बदकं उडाली. नाव अंधारात शिरली, दगडाचा ओला वास डोक्यावरून गेला, आणि त्या अंधारात आनेली गुडघ्यांत डोकं घालून हसत होती. थांबताच येईना.

उजेडात आल्यावर तिने वर पाहिलं. कठड्यापाशी शेश्तीन दिसत नव्हती. मग लाल कोट हळूच उठून उभा राहिला.

“तू खाली का बसली होतीस?” आनेलीने ओरडून विचारलं.

“तूच सांगितलंस ना!” शेश्तीन कोट झटकत म्हणाली. “मला तर क्षणभर वाटलं, जहाज शिरलं कालव्यात. जा, पुढे जा, मागे दुसरी नाव आहे!”

“गेली माझी शांतता,” टोर्केल म्हणाला आणि बाहीने डोळे पुसले. वारा फार होता, असं नंतर त्याने सांगितलं.

धक्क्यावर उतरताना रूट आजीने आनेलीचा हात धरला. “हा आवाज बरा आहे गं. पहिला जरा कानात घुसायचा.”

त्या दिवशी मंगळवार होता, तरी घरी पोचल्यावर आनेलीने कोटही न काढता कुंगेल्वला फोन लावला.

“हॅलो?” आई म्हणाली.

“आई, मी आनेली!”

पलीकडे आई शेजारणीला म्हणाली, “कुणी बाप्या आहे. माझ्या आनेलीचं नाव घेतोय.” आणि पुन्हा फोनमध्ये, संशयाने, “कोण बोलतंय?”

“अगं मीच! आवाज बदललाय माझा. ऐकू येतंय ना?”

“येतंय ना म्हणजे काय?” आई म्हणाली. “ओरडतेस कशाला एवढी? मी काय बहिरी आहे?”

आनेली खुर्चीत बसली. टेबलावर बाटली होती, नळी होती. तिने त्या दोन्ही बाजूला सरकवल्या आणि जरा हळू आवाजात आईला सगळं पहिल्यापासून सांगायला घेतलं.